पेशीची अभियांत्रिकी



२००३ साली वोखार्ट या औषध कंपनीने मानवी इन्सुलिन बाजारात आणले, तेही आपल्या याच छत्रपती संभाजीनगर शहरातून. ते बनवत होते हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाचे यीस्ट. माणसाच्या इन्सुलिनचे जनुक त्याच्यात बसवायचे, पोलादी टाक्यांत त्याला वाढवायचे आणि त्याने केलेले प्रथिन शुद्ध करून घ्यायचे. हे तंत्र येण्याआधी जगभरच्या मधुमेहींची भिस्त डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडावर होती.

काम मोठेच. पण प्रत्येक नव्या औषधासाठी पहिल्यापासून खटपट करावी लागत असेल, तर ती कारागिरी झाली, अभियांत्रिकी नव्हे. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा पूर्वपदार्थ यीस्टकडून करून घेण्यात अमेरिकी संशोधक जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सुमारे १५० मनुष्यवर्षे गेली, असा अंदाज सांगतात. पेशीची खरी अभियांत्रिकी करू पाहणाऱ्या सिंथेटिक बायॉलॉजी या शाखेला हा खर्च कमी करायचा आहे.

इथल्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये केलेला बोल्ट मोठ्या कारखान्यात बिनतक्रार बसतो, कारण आट्यांचे माप ठरलेले असते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये अशा मापांचा आग्रह धरला. तोवर ज्याचा त्याचा बोल्ट वेगळा. अमेरिकी अभियंते ड्र्यू एंडी यांनी २००५ मध्ये जीवशास्त्राकडे हेच मागितले: भाग प्रमाणित हवेत, गुंतागुंत थरांत विभागावी, आराखडा एकाने करावा आणि डीएनए दुसऱ्याने बनवावा. एकाने तपासलेले जनुक-स्विच दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतही तसेच चालले पाहिजे.

पेशी मात्र सहजी ऐकत नाही. २००० साली एलोविट्झ आणि लायब्लर या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूत तीन जनुके अशी गुंफली, की प्रत्येकाने पुढच्याला दाबावे. पेशी उजळू लागल्या, मंदावू लागल्या, पुन्हा उजळल्या. ठरवून केलेले जैविक घड्याळच ते! पण एकाच पेशीतून निघालेल्या दोन पेशी थोड्याच वेळात एकमेकींचा ताल सोडून द्यायच्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण आराखडा बरोबर असूनही पेशीच्या आत किती चढउतार असतो, हे त्याने उघड्यावर आणले. शिवाय आपण घातलेले जनुक पेशीला ओझे असते. ते टाकून देणारी पेशी वेगाने वाढते आणि टाकीत तिचीच सरशी होते.

शेजारच्या जालन्याचा धडाही विसरू नका. तिथल्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यातल्या विषाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली. सजीव बदलत राहतो, हे आराखड्यातच धरावे लागेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जैव-उत्पादनासाठी बायोई३ धोरण मंजूर केले आहे. अशा उत्पादनाला लागणारी मोजमाप, नियंत्रण आणि चाचणीची शिस्त या औद्योगिक शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे: तुमच्या मुलांना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवा, पदवीच्या पहिल्याच वर्षापासून पाठवा.