सूनबाईंची नोकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, म्हणून घरचाच विषय काढते. आमची सून बोस्टनला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, कंपनी सोडून नगरपालिकेत काम करावं म्हणते. पगार मात्र कमी होईल." मी चपापलेच! नगरपालिका म्हटली की मला आठवते ती दाखल्याची खिडकी आणि तिथे घातलेले हेलपाटे. "एवढं शिकलीस ती यासाठी?" असेही बोलून गेले.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला फिरायला नेले व पदपथावरचा लोखंडी नळखांब दाखवला. आगीच्या वेळी बंबवाले त्यातून पाणी घेतात. बर्फात तो गाडला गेला, की मोलाची मिनिटे उकरण्यात जातात. २००९ साली जेनिफर पाल्का या बाईंनी 'कोड फॉर अमेरिका' ही संस्था काढली. तिच्यातर्फे संगणकाची जाणकार मंडळी काही महिने शहरांच्या कचेऱ्यांसाठी काम करीत. २०११ च्या तुकडीतल्या एका तरुणाने बोस्टनसाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नकाशावर पाहून दारापुढचा नळखांब दत्तक घ्यायचा, त्याला नाव ठेवायचे आणि बर्फ पडला की तो मोकळा करायचा. हयगय केलीत, तर शेजारीण तो आपल्या नावावर करून घेणार! (आपल्या आळीत हे फार चालेल.) पुढे होनोलुलूने तीच युक्ती उचलली. तिथे बर्फ कुठला? तिथे त्सुनामीचा इशारा देणाऱ्या भोंग्यांवर लोकांनी लक्ष ठेवायचे, कारण भोंग्यांच्या बॅटऱ्या चोरीस जात.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. सॅन फ्रान्सिस्कोत गरिबांना धान्यासाठी सरकारी मदत मिळते. पण कचेरीची पत्रे अशी किचकट, की मदत बंद झाल्याचे बाईला कळे ते दुकानात, सामान गल्ल्यावर ठेवल्यावर. मागे रांग उभी! २०१३ साली अशाच मंडळींनी मदत बंद होण्याआधी फोनवर साधा संदेश जाईल, अशी सोय केली.

माझा हेका मी पुरता सोडलेला नाही. घराचे हप्ते आहेत, नातू लहान आहे. शिवाय वर्षभराने साहेब बदलला, तर केलेले काम टिकेल का, याचे उत्तर तिच्यापाशीही नाही. पण परवा तिचा फोन आला, अर्ज केला म्हणून. मी विचारले, "मग आता खिडकीपलीकडे बसणार का?"

"नाही आई," ती म्हणाली, "आधी काही दिवस अलीकडे, रांगेत उभी राहणार."