अवकाशक्षेत्र आणि खाजगी उद्योग

पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या जलाशयात पाणी किती पसरले आहे आणि लाभक्षेत्रातील पिके कशी उभी आहेत, हे कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून समजू शकते. आपल्या देशात असे उपग्रह दीर्घकाळ शासनाचेच होते. खाजगी कारखान्यांचा वाटा सुट्या भागांचा. विक्रोळीच्या गोदरेजने 'विकास' इंजिने घडविली, वालचंदनगरला अग्निबाणांच्या मोटरींची आवरणे तयार झाली. हे कामही लहान नव्हे; मात्र मालकी व उड्डाण इस्रोकडेच राहिले.

जून २०२० मध्ये केंद्र शासनाने हे क्षेत्र खुले केले. परवानगी व देखरेखीसाठी 'इन-स्पेस' ही संस्था आली, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'विक्रम-एस' हा देशातील पहिला खाजगी अग्निबाण श्रीहरिकोट्याहून झेपावला आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण मंजूर झाले.

खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अवकाशातील वस्तूमुळे परदेशात हानी झाल्यास भरपाई राष्ट्राने द्यावयाची असते, मग उपग्रह कंपनीचा का असेना! दुसरी बाब ग्रामपंचायतींच्या अधिक जवळची. ५ मीटर व त्याहून स्थूल तपशिलाची चित्रे मुक्तपणे उपलब्ध करावीत, असे धोरण सांगते. परंतु एकेका शेतातील नुकसान पाहावयाचे, तर याहून सूक्ष्म चित्र लागते आणि ते बहुधा विकत घ्यावे लागते. भरपाईचा दावा अशा चित्रावर ठरणार असेल, तर ते शेतकऱ्यालाही पाहावयास मिळाले पाहिजे. तशी अट करारातच घालून घेणे हे खरेदी करणाऱ्या खात्याचे काम आहे.