साहेब, युनियन आणि गेटबाहेरचा आपला माणूस



शिबिराच्या पत्रकात माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘व्यवस्थापन विरुद्ध युनियन’. म्हणजे सामना दोघांचा. एका बाजूला केबिनमधला साहेब, दुसऱ्या बाजूला छातीवर बिल्ला लावलेला पुढारी. पण कुठल्याही कारखान्याच्या गेटवर सकाळच्या पाळीला जाऊन उभे राहा. तिथं तिसरा माणूस दिसेल. त्याच्या गळ्यातलं कार्ड वेगळं, त्यावर नाव कंत्राटदाराचं. साहेब म्हणतो हा आमचा कामगार नाही. युनियन म्हणते हा आमचा सभासद नाही. तो कुठल्या वस्तीतून येतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्यातली काही पोरं विचारतात, ‘हे युनियनवाले आपले कोण लागतात? त्यांचं साहेबाशी भांडण बोनसचं. आपण कशाला मधे पडायचं?’ प्रश्न खोटा नाही. पण नुसत्या रागानं त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एक घडलेलं प्रकरण तुमच्यापुढे ठेवतो.

हरियाणातलं मानेसर. मारुती सुझुकीचा कारखाना. जवळजवळ दर मिनिटाला एक गाडी लाइनवरून बाहेर पडायची. चहाची सुट्टी सात मिनिटांची. त्या सात मिनिटांत हातमोजे काढायचे, चहा ओतायचा, मुतारीला जाऊन यायचं आणि पुन्हा लाइनवर उभं राहायचं. कामगार बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे, आयटीआय शिकलेले. घड्याळ कसं वाचायचं हे त्यांना साहेबापेक्षा जास्त कळत होतं.

जून २०११ मध्ये या पोरांनी स्वतःची युनियन मागितली. आमच्या गुडगावच्या कारखान्यात आहे की एक युनियन, असं कंपनीचं म्हणणं. पोरं १३ दिवस कारखान्यात ठाण मांडून बसली. ऑगस्टच्या शेवटी कंपनीनं गेटवर कागद ठेवला : चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र. सही करा, मग आत या. सज्ञान, शिकलेल्या माणसाकडून मी नीट वागेन असं लिहून घ्यायचं. आपल्या आज्यापणज्यांनी पाटलाच्या वाड्यासमोर हेच केलं होतं, फरक एवढाच की त्यांना सही येत नव्हती. पोरं ३३ दिवस गेटबाहेर राहिली.

मग ऑक्टोबर. समझोता झाला होता. कायम कामगारांना आत घेतलं, कंत्राटी कामगारांना घेतलं नाही. आणि कायम कामगार पुन्हा कामावर बसून संपावर गेले. कशासाठी? स्वतःच्या पगारासाठी नाही, त्या कंत्राटी पोरांसाठी. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. ‘कायमवाला कधी आपला होत नाही’ असं जो म्हणेल त्याला मानेसरचा हा ऑक्टोबर सांगा. तो संप मोडला तोही शिकण्यासारखा. पहिल्या फळीतले सुमारे तीस पुढारी कंपनीकडून हिशेब घेऊन राजीनामा देऊन गेले. मागं राहिलेल्यांनी नव्यानं युनियन बांधली आणि २०१२ च्या सुरुवातीला तिची नोंदणी झाली.

१८ जुलै २०१२. युनियनचं म्हणणं असं, की सकाळी एका सुपरवायझरनं एका दलित कामगाराला जातीवरून शिवी दिली. कामगारानं जाब विचारला, तर निलंबित तोच झाला. कंपनीचं म्हणणं उलट : कामगारानंच सुपरवायझरवर हात टाकला. दिवसभर बोलणी चालली. संध्याकाळी कारखान्यात मारामारी झाली, आग लागली, आणि मनुष्यबळ विभागाचा एक वरिष्ठ अधिकारी त्यात मेला. युनियनची नोंदणी व्हावी म्हणून यानंच मदत केली होती, असं नंतर छापून आलं. इथं कुणी टाळ्या वाजवू नयेत. माणूस मेला तो माणूस मेला. आपली चळवळ माणसाच्या किमतीची चळवळ आहे, त्यात साहेबाचा जीव वगळता येत नाही.

पण पुढं काय झालं ते बघा. ५४६ कायम कामगार कामावरून काढले, कंत्राटी किती गेले त्याची कुणी खंतही केली नाही. १४८ जण आरोपी. २०१३ साली उच्च न्यायालयानं जामीन नाकारला, तेव्हा निकालात कारण आलं की अशा घटनांनी देशाची अब्रू जाते, परदेशी भांडवलदार पैसा गुंतवायला घाबरेल. म्हणजे आरोपी हरियाणाचा, तुरुंग हरियाणाचा, आणि जामिनाच्या तराजूत परदेशी गुंतवणूक. मार्च २०१७ मध्ये गुडगावच्या न्यायालयानं १४८ पैकी ११७ जणांना निर्दोष सोडलं. निर्दोष! तोवर तुरुंगातली वर्षं, विकलेली शेतं, मोडलेली लग्नं यांची भरपाई कुणी दिली नाही. ३१ दोषी, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप. या तेरांपैकी बारा युनियनच्या समितीतले. तेरावा तो दलित कामगार.

आता प्रश्न असा, की या प्रकरणाला काय म्हणायचं? डाव्या मित्रांना विचारा, ते म्हणतील वर्गसंघर्ष. बरोबर आहे. पण दिवसाची सुरुवात युनियन सांगते तशी झाली असेल, तर ठिणगी पगाराची नव्हती, शिवीची होती. आणि साहेबाच्या तोंडात ती शिवी येते कुठून?

त्याच २०१२ सालच्या ऑगस्टमध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास आला. देशातल्या बड्या १,००० कंपन्यांचे ९ हजारांवर संचालक तपासले. ९३ टक्के तथाकथित वरच्या जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, कारण तिथं म्हणे गुणवत्ता चालते. गुणवत्ता एवढी आडनाव बघून कशी जन्माला येते, हे त्यांनी एकदा आपल्याला समजावून सांगावं. वर टेबलाशी बसलेले हे, खाली झाडू, गटार, बॉयलर, लोडिंग-अनलोडिंग आपल्याकडं. मधे सुपरवायझर. त्याला मालकी नाही, नफा नाही. त्याला मिळतो फक्त खालच्यावर ओरडायचा हक्क, आणि तो हक्क वापरताना त्याला गावात शिकलेलीच भाषा आठवते.

हे झालं साहेबाचं. आता युनियनच्या घरात डोकावू.

मुंबईच्या गिरण्या. विणकाम खात्यात पगार जास्त. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागायचं. एकाच्या थुंकीचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून स्पृश्य कामगारांनी आपल्या लोकांना विणकाम खात्यात येऊ दिलं नाही. नियम मालकानं केला नव्हता. भाऊ म्हणवणाऱ्या कामगारानं केला होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सरळ सांगितलं : अस्पृश्य कामगारांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क ही मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात उतरणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती मागणी घेतली. मालकांनी काय केलं? हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असा त्यांचा पवित्रा. मालकाला फुकटात सोडवलं कुणी? जातीनं.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच भाषणात त्यांनी दाखवलं की आपला माणूस रेल्वेत गँगमनचा गँगमनच राहतो. साधा पोर्टरही होत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो, आणि विटाळ होणारा माणूस घरात कसा घ्यायचा? मित्रांनो, ही बढतीची अडचण कुठल्या सर्व्हिस रूलमध्ये लिहिलेली होती? कुठल्याच नाही. आजही कुठं लिहिलेली नसते.

आणि हे सगळं पचवून बाबासाहेब त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरले. औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध. संप करायचा हक्क काढून घेणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, ही त्यांची विधिमंडळातली मांडणी होती. म्हणजे युनियननं आपल्याला छळलं म्हणून संपाचा हक्क सोडून द्या, असं त्यांनी सांगितलं नाही. युनियनशी भांडा आणि संपाचा हक्कही राखा, दोन्ही. आपल्याला एकच काम सोपं वाटतं, म्हणून आपण बाबासाहेब अर्धेच वाचतो.

बिल कायदा झालंच. १९४६ साली त्याच्या जागी दुसरा कायदा आला, त्यानं एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणीचा मक्ता दिला. गिरण्यांत तो मक्ता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेले, तरी कागदावर बोलायचा हक्क दुसऱ्याच युनियनचा! तो संप कुणी रीतसर मागं घेतलाच नाही. गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर आले. त्या टॉवरच्या काचा पुसणारा पोरगा आज कंत्राटी आहे, आणि काही ठिकाणी तो गिरणी कामगाराचाच नातू आहे.

आता कायदा पुन्हा बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कारखान्याला टाळं लावायला, कपात करायला सरकारची परवानगी नको. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरायचा. आणि ठरावीक मुदतीची नोकरी कायद्यानंच पक्की. मानेसरमध्ये तर सात-सात महिन्यांच्या मुदतीवर पोरं घेतली जाऊ लागली. सात महिने काम, मग घर. तेवढ्यात माणूस युनियनचं नाव तरी शिकेल का? मुदत तेवढी ठेवतात ती त्यासाठीच.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळं संपलंच. नाही. आपल्याच मुंबईत बघा. महापालिकेचे कंत्राटी सफाई कामगार, बहुतेक सगळे दलित. यांना कामगार म्हणायचंसुद्धा पालिका टाळायची, कंत्राटदारांच्या आडोशाला उभी राहायची. कचरा वाहतूक श्रमिक संघ या युनियननं हेच कंत्राट खोटं आहे म्हणून कोर्टात भांडण लावलं, वर्षानुवर्षं चालवलं, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं २,७०० सफाई कामगारांना कायम करायचा आदेश उचलून धरला. त्यानंतरही यादीतल्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून कित्येकांना ताटकळत ठेवलं. साहेब हरला की कारकुनाला पुढं करतो. पण लढाई जिंकली ती युनियननंच, आणि ती युनियन गेटबाहेरच्यांची होती. हा धडा आहे.

म्हणून मी तुम्हाला घोषणा देत नाही, कामं देतो.

एक. तुमच्या वस्तीतला जो जो कंत्राटावर आहे त्याचं कार्ड, पगारपावती, हजेरीचा पुरावा यांच्या नकला घरात जपून ठेवायला लावा. सफाई कामगारांचा खटला असल्याच कागदावर उभा राहिला. नाव आणि आडनाव सगळीकडं एकसारखं लिहिलंय ना, ते आजच बघा.

दोन. जिथं युनियन आहे तिथं शिरा आणि मागणीपत्रक मागून वाचा. पगार, बोनस, कॅन्टीन सगळं असेल. जातीवरून शिवी देणाऱ्या सुपरवायझरवर कारवाई, हे कलम कितीत सापडतं ते मोजा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा गावापुरता नाही, असेंब्ली लाइनवरही तो लागू आहे. हे कलम घालायला लावा. पुढारी म्हणेल, एकजूट फुटेल. त्याला विचारा, शिवी देणाऱ्यानं फोडली नाही ती आमच्या मागणीनं कशी फुटेल?

तीन. बोलणी करायला जे चार जण साहेबाच्या केबिनमध्ये जातात त्यात कंत्राटी माणूस कुठाय? नसेल तर आपला पाठिंबा गृहीत धरू नका, असं स्पष्ट सांगा. १९२८ चा बाबासाहेबांचा मार्ग तोच.

चार. हे आपल्याच घरातलं. आपली शिकलेली काही पोरं आता एचआरमध्ये, ऑफिसात बसतात. आनंद आहे. पण उद्या कंत्राटदाराची यादी सहीला येईल तेव्हा त्यातल्या आडनावांवरून डोळे फिरवा. ती यादी तुमच्या चाळीची आहे.

साहेबाशी भांडण आहेच. युनियनशीही आहे. पण दोन भांडणांची जात वेगळी. साहेबाशी भांडायचं ते त्याच्या हातातला चाबूक काढून घ्यायला. युनियनशी भांडायचं ते तिच्यात आपली जागा घ्यायला. ही जागा कुणी आणून देणार नाही. उद्या सकाळच्या पाळीला गेटवर जा आणि त्या वेगळ्या कार्डवाल्याला पहिला प्रश्न विचारा : ‘तुझं नाव यादीत कसं लिहिलंय?’

जयभीम.