उतारवयातील निवास आणि समाजाचे दायित्व



पेठेतील जुन्या घरांची रचना ठरलेली असे. तळमजल्यावर दुकान, वर कुटुंबाचा निवास आणि एकाच चुलीवर तीन पिढ्यांचा स्वयंपाक. आज मुले नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, बंगळूरु वा परदेशी स्थिरावली आहेत. मागे उरले आहे वृद्ध दांपत्य आणि तो उभा जिना. यात केवळ मुलांचा दोष पाहणे अन्यायाचे ठरेल. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली आणि शुश्रूषेसाठी घरात माणूस उरला नाही.

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यापुढील नागरिक सुमारे 10 कोटी 38 लक्ष होते. 2050 पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण या वयोगटातील असेल, असा अंदाज संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालात आहे. ज्येष्ठांसाठीच्या निवासाची मागणी वाढत आहे, ती यामुळेच.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. वृद्धाश्रम हा प्रामुख्याने निराधारांचा आसरा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन ज्येष्ठांसाठी निवासाची तरतूद आहे. पुण्यातील ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठ-निवासांचे स्वरूप वेगळे. तेथे ज्येष्ठ आपल्या स्वतंत्र सदनिकेत समवयस्कांच्या सोबतीने राहतात.

अशा संकुलांच्या रचनेसाठी महारेराने 2024 मध्ये नियम घालून दिले. चाकाची खुर्ची जाईल असे किमान 900 मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, न घसरणारी फरशी, आधाराचे कठडे, उतरंडीचा मार्ग, ही त्यातील काही कलमे. परंतु भिंती नियमानुसार उभ्या राहिल्या, तरी शुश्रूषेची हमी त्यातून आपोआप मिळत नाही. कापड घेताना ग्राहक पोत पाहतो, तसा येथे करारनामा पाहिला पाहिजे. सदनिका मालकीची की केवळ आजीव वापराची? अनामत रक्कम परत केव्हा मिळणार? मासिक सेवाशुल्क कोणत्या हिशेबाने वाढणार? पती-पत्नीपैकी एकाच्या निधनानंतर दुसऱ्याचा हक्क अबाधित राहील काय? अंथरुणाला खिळल्यावर तेथेच सेवा मिळेल, की जागा सोडावी लागेल? या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे, हयातीत सर्व मिळकत मुलांच्या नावे करून रिकाम्या हाताने उतारवयाला सामोरे जाऊ नये. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहावी. अट मोडल्यास ते रद्द करवून घेण्याचा मार्ग 2007 च्या कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे.

जैन ज्येष्ठांच्या गरजा याहून थोड्या अधिक आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांविना स्वयंपाक आणि पायी जाता येईल इतक्या अंतरावर मंदिर. दूरच्या संकुलात हे सारे मिळेलच असे नाही. ज्याने आयुष्यभर नियम पाळला, त्याला तो अखेरीस केवळ सोयीअभावी सोडावा लागणे, यापरते दुःख कोणते?

वैयावृत्त्याला शास्त्राने अंतरंग तपात स्थान दिले आहे. समाजाने धर्मशाळा बांधल्या, भोजनशाळा चालविल्या, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली. त्याच परंपरेत मंदिराच्या सावलीत मोजक्या खोल्यांचे ज्येष्ठ-निवास उभे राहू शकते. संपन्नांनी योग्य मूल्य द्यावे, असमर्थांचा भार निधीने उचलावा आणि हिशेब दरवर्षी समाजापुढे मांडावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात या कार्याचा संकल्प व्हावा, ज्या हातांनी ही संस्था उभी केली त्यांना अखेरपर्यंत आपल्या माणसांत राहता यावे, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!