दोन गावांसाठी एक कायदा
(भाषणाचा मजकूर)

बोलणार सीमाप्रश्नावरच, पण सुरुवात इंग्लंडपासून करतो.

तिथं 1894 च्या कायद्यानं ग्रामीण जिल्हे झाले. नावाला जिल्हा, पण पसारा तालुक्याएवढा. प्रत्येकाची स्वतःची निवडून आलेली कौन्सिल. सरे परगण्यातला डॉर्किंग अँड हॉर्ली ग्रामीण जिल्हा त्यातलाच एक. गॅटविक विमानतळाला लागून असलेली चार्लवुड आणि हॉर्ली ही गावं याच जिल्ह्यात होती.

1972 च्या कायद्यानं सगळेच ग्रामीण जिल्हे मोडीत काढले. अंमल 1 एप्रिल 1974 पासून. त्याच कायद्यानं गॅटविक विमानतळ वेस्ट ससेक्स परगण्याला दिला आणि त्याच्यासोबत ही दोन गावंही ओढली गेली. गावकऱ्यांनी ठाम विरोध केला, आम्ही सरेचेच म्हणून सांगितलं. मग काय झालं? अंमल सुरू व्हायच्या आधीच पार्लमेंटनं 'चार्लवुड अँड हॉर्ली अ‍ॅक्ट 1974' मंजूर केला. विमानतळ ससेक्सला गेला, गावं सरेत राहिली. एवढ्याशा गावांसाठी अख्खा कायदा!

आता बघा, तिथं भाषेचा प्रश्न नव्हता. इकडं असो की तिकडं, शाळा इंग्रजीच, कागद इंग्रजीच. तरी लोकांची इच्छा मोजली गेली. आपल्याकडं तर शाळा, उतारा, कचेरीतला अर्ज, बसवरची पाटी, सगळंच भाषेवर अडलंय.

कुणी म्हणेल, ते इंग्लंड, इथं कसं जमणार? अहो, इथंही जमलंय. आंध्र-मद्रास सीमा पाटसकर निवाड्यानं ठरली, खेडं हा घटक धरून. 1960 मध्ये तो अमलात आला. घटनेच्या कलम 3 नं राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार संसदेला दिलेला आहे.

आपली मागणी यापेक्षा वेगळी कुठं आहे? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा. तिथं कायदा लागू व्हायच्या आत दुरुस्ती झाली. इथं तीन पिढ्या वाट बघताहेत.

म्हणून तरुणांना सांगणं एकच. घोषणा द्याच, पण ही उदाहरणं, ही कलमंही पाठ ठेवा. हद्द ही दगडावरची रेघ नव्हे. कायद्यानं आखलेली हद्द कायद्यानंच बदलता येते.

जय महाराष्ट्र!