साठीनंतरचं सारथ्य आणि गाडीतले मदतनीस

सांताक्रूझला वाकोल्याजवळ पश्चिम द्रुतगती महामार्गावर गाडी घालायची, तर मान वळवून मागचं पाहावं लागतं. वय वाढलं की नेमकी ही मान आखडते, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. म्हणून गाडीतल्या मदतनीस यंत्रणांची माहिती ज्येष्ठांनी जरूर घ्यावी.

१ जुलै २०१९पासून भारतात नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. बंपरमधून निघालेल्या ध्वनिलहरी अडथळ्यावर आपटून परततात. अंतर घटेल तसा बीपचा वेग वाढतो. सोसायटीच्या अरुंद आवारात हा फार मोठा आधार आहे. पुढची पायरी ‘अडास’ची, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या प्रगत यंत्रणांची. २०२१च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७००सारख्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा आणि पुढचं रडार मिळून धडकेचा धोका ओळखतात, इशारा देतात, वेळ पडल्यास ब्रेकही लावतात.

लेन सांभाळणारी यंत्रणा मात्र रस्त्यावरचे पट्टे पाहून चालते. एस. व्ही. रोडवर रिक्षांच्या गर्दीत तिचा उपयोग थोडाच, आणि मुसळधार पावसात कॅमेऱ्यालाही कमी दिसतं. माझ्या मते इथल्या ज्येष्ठांनी गाडी घेताना मागचा कॅमेरा आणि आरशात न दिसणाऱ्या बाजूचा इशारा, या दोन सोयी आधी मागाव्यात. इशाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो का, हे चाचणी फेरीतच तपासावं.

पंचावन्नीनंतर खासगी वाहनाचा परवाना पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत होतो. त्यासाठी डॉक्टरांचा नमुना १-ए दाखला लागतो. त्याच भेटीत मोतीबिंदूचीही तपासणी करून घ्या.