भयविकारावरील औषधे : काही अनुभवाचे बोल

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात मजसारख्या निवृत्त शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र चिटणीसांची अनुज्ञा घेऊन मी एका निराळ्याच विषयावर बोलणार आहे. चिंता आणि भय यांच्या विकारांवर डॉक्टर जी औषधे देतात, ती कशी घ्यावीत आणि कशी घेऊ नयेत, हा तो विषय. मी मॅट्रिक झालेला, आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकवलेला मनुष्य आहे. वैद्यक हे माझे शास्त्र नव्हे. परंतु या औषधांच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली, ती आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू नये, एवढ्याचसाठी संकोच बाजूला ठेवून मी उभा आहे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी एस. टी.ने साताऱ्याहून पुण्यास निघालो होतो. खंबाटकीच्या घाटात अकस्मात छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आता आपला अंतकाळ आला असे वाटले. रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सर्व काही ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा भयाचा झटका आहे. हृदय निर्दोष आहे." असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले. तथापि छातीत दुखू लागले असता 'हे मनाचेच असेल' असे आपणच ठरवू नये. प्रथम हृदयाची तपासणी, मग मनाचा विचार, हाच क्रम योग्य होय.

डॉक्टरांनी अल्प्राझोलामच्या गोळ्या दोन आठवड्यांपुरत्या दिल्या आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावयास सांगितले. मी गेलो नाही. गावात कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही भीती झटक्याच्या भीतीहून मोठी ठरली! तीच जुनी चिठ्ठी दाखवून मी दुकानातून गोळ्या आणीत राहिलो. एकीच्या दोन झाल्या, दोहोंच्या तीन झाल्या. असे चौदा महिने लोटले.

पुढे धाकट्या मुलीचे लग्न ठरले. साखरपुड्यासाठी व्याही मंडळी आमच्याकडे उतरणार होती. गोळ्यांचे पाकीट त्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ते अडगळीत टाकले आणि एका दिवसात औषध बंद केले. मनोनिग्रहाने हे साधेल असा माझा समज होता. पहिल्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, अंगास घाम सुटला. तिसऱ्या दिवशी, भर पंगतीत, मला फेफऱ्यासारखा झटका आला आणि मी वाढलेल्या पानावर कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा मी रुग्णालयात होतो आणि उशाशी विहीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ अशीच औषधे घेतो. आपण सांगितले असते तर आम्ही काय स्थळ मोडणार होतो? जीव मात्र गेला असता." त्या वाक्याने माझे डोळे उघडले.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी मला जे समजावून दिले, ते येथे सांगतो. या विकारावरील औषधांचे मुख्यत्वे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील औषध तासाभराच्या आत मन शांत करते. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले, त्याच कुळातली ही अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आदी औषधे. ती गुणकारी आहेत, पण अल्पकाळासाठी. काही आठवडे नित्य घेतल्यास शरीर त्यांना सरावते; तोच परिणाम साधण्यास अधिक गोळी लागते आणि ती एकाएकी थांबवल्यास शरीर बंड करते. माझे झाले ते हेच.

दुसऱ्या वर्गात एसिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे येतात. ती दीर्घकाळच्या उपचारासाठी असतात आणि त्यांची सवय वरच्याप्रमाणे लागत नाही. मात्र त्यांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि आरंभीचे काही दिवस अस्वस्थता, मळमळ वाढल्यासारखी वाटते. नेमक्या याच वेळी अनेक जण 'औषध मानवत नाही' म्हणून सोडून देतात. तसे न करता डॉक्टरांस कळवावे. तरुण मुलामुलींना हे औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. बरे वाटू लागल्यावरही हे औषध साधारणतः सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग क्रमाक्रमाने उतरवतात.

आता घरोघरी पाळावयाचे काही नियम सांगतो. पहिला नियम असा की, एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. 'मला हिने बरे वाटले, तूही घेऊन पाहा' हा शेजारधर्म नव्हे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांची नोंद औषधविक्रेत्याने वेगळ्या वहीत ठेवावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम २०१४ सालापासून लागू आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. तो आपले हितच पाहत असतो.

दुसरा नियम अंकगणिताचा आहे. क्लोनाझेपामची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची मिळते, तशीच २ मिलिग्रॅमचीही मिळते. दोहोंत आठपट अंतर आहे. दशांशचिन्ह न पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा मी एक गुण कापीत असे. येथे चुकल्यास प्राणावर बेतू शकते. चष्मा लावून पाकिटावरील आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. एखादी मात्रा चुकली तर पुढील वेळी दुप्पट घेऊ नये.

तिसरा नियम असा की, या औषधांबरोबर मद्य सर्वथैव वर्ज्य. दोहोंच्या संयोगाने श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतून उठतच नाही, असे प्रसंग घडले आहेत. खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचाही असाच धोका असतो. म्हणून आपण जे जे घेतो, मग ते आयुर्वेदिक चूर्ण का असेना, ते सर्व डॉक्टरांस सांगावे. छातीची धडधड कमी करण्यासाठी कधी प्रोप्रानोलॉल देतात. दमेकऱ्यास ते अपायकारक ठरते. तेव्हा दमा असल्यास तोही सांगावयास विसरू नये.

चौथा नियम वृद्धांसाठी. पहिल्या वर्गातील गोळीने रात्री तोल जातो, पडून मांडीचे हाड मोडते, कधी बुद्धीस भ्रम पडतो. रात्री दिवा ठेवावा, उठताना घाई करू नये. गुंगी असेपर्यंत कोणत्याही वयाच्या माणसाने वाहन चालवू नये. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. नातवंडांना रंगीत गोळी आणि लिमलेटची गोळी यांतला भेद कळत नाही.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे, आपल्या मनाने औषध थांबवू नये. उपवास असो, लग्नकार्य असो, तीर्थयात्रा असो, वा गर्भारपण असो, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माझी गोळी उतरवण्यास सात महिने लागले. त्या काळात मी औषधाबरोबरच मनाला वळण लावण्याचे उपचारही घेतले. भीती वाटते तेथे पायरीपायरीने पुनः जाण्याचा तो अभ्यास आहे. आज मी खंबाटकीतून एकटा प्रवास करतो.

बंधूभगिनींनो, मला अपाय झाला तो औषधाने जितका, त्याहून अधिक लपवाछपवीने झाला. मधुमेहाची गोळी आपण पंगतीत सर्वांदेखत घेतो, रक्तदाबाची चौकशी एकमेकांपाशी करतो. मग भयविकाराचीच गोळी कपाटाच्या तळाशी का? उत्तर आपण सारे जाणतो. मुलामुलींच्या सोयरिकीत बाधा येईल, हे त्याचे कारण. ही ज्ञाती सोयरिकी जुळवते. तेव्हा ही भीती दूर करणेही तिच्याच हाती आहे. व्याह्यांनी व्याह्यांस निःसंकोच सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते विहीणबाईंच्या मोठ्या मनाने ऐकावे. घरातील निदान एका माणसास तरी आपल्या औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा पत्ता ठाऊक असावा.

ज्यांना बोलण्यास जवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येकाने घरी लिहून ठेवावा.

शिक्षक म्हणून मी मुलांना सांगत असे की, गणित अडले तर पाटी झाकू नका, मला दाखवा. तेच आज थोरांना सांगतो.